परदेशातील अभ्याससत्रात डिझाइन, अभियांत्रिकी आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी एकत्र कसे शिकतील?

मूळ प्रश्न : कच्चा_आराखडा

नमस्कार. मी एका विद्यापीठात उत्पादन-डिझाइन शिकवतो आणि गेली दोन वर्षे आमच्या परदेशातील अभ्यासकार्यक्रमाचे नियोजन करणाऱ्या गटात आहे. डिझाइन, यांत्रिक अभियांत्रिकी आणि समाजशास्त्र या तीन शाखांचे मिळून २४ विद्यार्थी सहा आठवड्यांसाठी यजमान विद्यापीठात जातात, त्या शहरातील एखादा प्रश्न हाती घेतात आणि शेवटी त्यावरचा प्रस्ताव प्रतिकृतीसह मांडतात. पुढील वर्षापासून हा कार्यक्रम पूर्ण सत्राचा करण्याचा विचार आहे. त्याआधी दोन वर्षांत जे दिसले ते इथे मांडून अनुभवी मंडळींचे मत घ्यावे, म्हणून हे लिहीत आहे.

दोन्ही वर्षी साधारण तिसऱ्या आठवड्यात गट आतून फुटले. भांडण झाले नाही, उलट सगळे अत्यंत सामोपचाराने झाले: समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुलाखती घेऊन अहवाल लिहायचा, डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी रेखाटने आणि सादरीकरण सांभाळायचे आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी यंत्रणा चालती करायची, अशी वाटणी झाली आणि प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात निघून गेला. एक उदाहरण मला अजून बोचते. एका गटाने सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तके परत करण्याची व्यवस्था हा विषय घेतला होता. रांग लागते, म्हणून त्यांनी आपोआप पुस्तक स्वीकारणारे एक सुबक यंत्र तयार केले. अंतिम सादरीकरणाच्या आदल्या रात्री मी त्यांच्याच गटातील समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीचा अहवाल वाचला, तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलेले होते की रांगेत उभे राहणाऱ्यांपैकी बरेच जण एकटे राहणारे वृद्ध आहेत आणि खिडकीपाशी होणारे दोन मिनिटांचे बोलणे हेच त्यांच्या तिथे येण्याचे एक कारण आहे. हा अहवाल गटातील इतर कोणीही वाचलेला नव्हता. यजमान प्राध्यापकांनी यंत्राचे कौतुक केले, गुणही चांगले मिळाले. मला मात्र आपण या मुलांना इतक्या लांब कशासाठी आणले, हा प्रश्न पडला.

त्यामुळे माझा पहिला प्रश्न असा की, शाखांची ही सरमिसळ मुळात एका सत्रात साधण्यासारखी आहे का, आणि असल्यास कार्यक्रमाच्या रचनेत नेमके काय बदलावे लागेल. दुसरा प्रश्न मूल्यमापनाचा आहे, कारण तिन्ही शाखांचे प्राध्यापक ‘चांगले काम’ या शब्दांचा अर्थ वेगवेगळा घेतात. श्रेयांकांचा गुंता तर आहेच. ज्यांनी असे कार्यक्रम चालवले आहेत किंवा त्यात विद्यार्थी म्हणून भाग घेतला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर : मापपट्टी

आपण सांगितलेली वाटणी मला फार ओळखीची आहे. मी अभियांत्रिकी शिकवतो आणि अशा संयुक्त प्रकल्पांचा मार्गदर्शक म्हणून मीच ती अनेकदा घडू दिली आहे. ती विद्यार्थ्यांच्या आळसातून होत नाही. मुदत जवळ आली आणि गुण अंतिम वस्तूवर अवलंबून असले, की ज्याला जे उत्तम येते ते त्याने करावे हा निर्णय गटाच्या दृष्टीने शहाणपणाचाच असतो. म्हणून विद्यार्थ्यांना ‘एकत्र काम करा’ असे वारंवार सांगण्यापेक्षा, ज्या कामात कोणाचीच शाखा पुढे नसते असे काम सुरुवातीलाच देणे अधिक उपयोगी पडते.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ‘एमई ३१०’ हा अभ्यासक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९६० च्या दशकात सुरू झालेल्या या अभ्यासक्रमात आता उद्योगांकडून आलेल्या एकेका विषयावर स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि दुसऱ्या देशातील एखाद्या विद्यापीठाचे विद्यार्थी मिळून पूर्ण शैक्षणिक वर्षभर काम करतात. त्यांची पारंपरिक सुरुवात कागदी सायकलीने होते: पुठ्ठा आणि कागद वापरून माणसाचे वजन पेलणारे वाहन तयार करायचे आणि ते शर्यतीत उतरवायचे. पुठ्ठ्याच्या सायकलीचा तज्ज्ञ कोणीच नसतो, त्यामुळे यंत्रशास्त्र शिकलेला विद्यार्थी आणि कधी स्क्रू-ड्रायव्हरही न धरलेला विद्यार्थी साधारण सारख्याच अडचणीत सापडतात आणि एकमेकांना मदत मागायला शिकतात.

त्याच अभ्यासक्रमातील दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. वर्षाच्या मध्यावर प्रत्येक गटाला ‘डार्क हॉर्स’ नावाचा प्रोटोटाइप करावा लागतो, म्हणजे आतापर्यंत जी कल्पना अशक्य, विचित्र किंवा विषयाबाहेरची म्हणून बाजूला सारली होती तीच प्रत्यक्ष उभी करून पाहावी लागते. गट एका उत्तरावर फार लवकर स्थिरावला असेल तर त्याला तिथून हलवण्याचा हा मार्ग आहे. आपल्या ग्रंथालयाच्या गटाला तिसऱ्या आठवड्यात अशी सक्ती असती, तर ‘यंत्र नको, खिडकी मोठी करा आणि समोर बसायला बाक ठेवा’ ही कल्पना कदाचित त्याच विद्यार्थिनीच्या अहवालातून वर आली असती, आणि यंत्र बनवणाऱ्यांना तिच्याकडे जाऊन ‘रांगेत नेमके काय बोलतात’ हे विचारावेच लागले असते.

हे साधायचे तर वेळ लागतो, हे मान्य करावे लागेल. फिनलंडमध्ये हेलसिंकी परिसरात तंत्रज्ञान, अर्थशास्त्र-व्यवस्थापन आणि कला-डिझाइन अशी तीन स्वतंत्र विद्यापीठे एकत्र करून २०१० मध्ये आल्टो विद्यापीठ अस्तित्वात आले. त्याआधीच, २००८ मध्ये, तिथे ‘डिझाइन फॅक्टरी’ ही सामायिक जागा सुरू झाली होती आणि तिथला उत्पादनविकासाचा आंतरविद्याशाखीय प्रकल्पही जवळपास पूर्ण शैक्षणिक वर्ष चालतो. इतक्या मोठ्या संस्थात्मक बदलानंतरही त्यांना एका प्रकल्पासाठी वर्ष द्यावेसे वाटते, तर सहा आठवड्यांत आपल्याकडे वाटणीच होणार हे ओघाने आले. पूर्ण सत्र मिळणार असेल तर किमान पहिल्या पाच आठवड्यांतील कोणतीही वस्तू अंतिम प्रस्तावात वापरता येणार नाही, असा नियम मी करीन. टाकून देण्यासाठीच केलेल्या कामात माणूस दुसऱ्याच्या शाखेत पाऊल टाकायला घाबरत नाही.

उत्तर : पायवाट

मापपट्टी यांनी कागदी सायकलीबद्दल जे लिहिले आहे तेच सूत्र मला परदेशालाही लावावेसे वाटते. आपण कार्यक्रम परदेशात का नेतो, याचे उत्तर बहुधा ‘वेगळी संस्कृती पाहायला मिळते’ असे दिले जाते आणि मग भेटी, संग्रहालये आणि व्याख्याने यांचे वेळापत्रक आखले जाते. मला त्यामागे याहून मोठी शैक्षणिक संधी दिसते. परक्या जागी तिन्ही शाखांचे ज्ञान एकदमच अपुरे पडते. ओळखीच्या ठिकाणी डिझाइनच्या विद्यार्थ्याला लोक कसे वागतात ते ‘माहीतच’ असते, त्यामुळे त्याला समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याची गरज वाटत नाही. अनोळखी शहरात मात्र लोक दाराशी का थांबले, कोणासाठी थांबले, ओळखीचे आहेत की अनोळखी, यातले काहीच त्याला कळत नाही. ते न कळणे लवकर झाकून टाकले, म्हणजे दुसऱ्याच दिवशी ‘समस्या’ ठरवून उत्तराकडे धाव घेतली, तर परदेशात नेल्याचा सगळा फायदा तिथेच संपतो.

यासाठी मी विद्यार्थ्यांना नेहमी एक हकिकत सांगते. यान गेल यांनी १९६० मध्ये कोपनहेगनमधील कला अकादमीतून वास्तुकलेचे शिक्षण पूर्ण केले. त्यांची पत्नी इन्ग्रिड गेल मानसशास्त्रज्ञ होत्या, आणि वास्तुविशारदांना माणसांमध्ये रस का नसतो, या प्रश्नावर त्या दोघांमध्ये आणि त्यांच्या मित्रमंडळींमध्ये चर्चा होत असे. १९६५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून हे दोघे सहा महिन्यांसाठी इटलीला गेले. तिथल्या चौकांत बसून, लोक कुठे उभे राहतात, कुठे टेकतात, किती वेळ थांबतात, कोणत्या कडेने चालतात याची त्यांनी मोजणी केली आणि नोंदी ठेवल्या. परतल्यावर हीच पद्धत त्यांच्या शहरात वापरली गेली. तिथला स्त्रॉयेट हा मुख्य रस्ता १९६२ पासून वाहनांसाठी बंद करण्यात आला होता आणि त्या बदलाचा परिणाम मोजणे हे पुढील अनेक वर्षांचे काम ठरले. एक वास्तुविशारद, एक मानसशास्त्रज्ञ, परका देश आणि हातात नोंदवही, इतकीच सामग्री होती. दोघांपैकी कोणीही तिथे काही बांधायला गेले नव्हते, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आपल्या सत्रात हे असे आणता येईल. पहिले तीन आठवडे प्रस्ताव मांडण्यास पूर्ण मनाई असावी. प्रत्येक गटाला एकच जागा द्यावी: एक चौक, एक प्रतीक्षाकक्ष, ग्रंथालयाची एक खिडकी. त्या जागेची नोंद शाखांची अदलाबदल करून घ्यावी. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने रेखाटन करावे, कारण चित्र काढताना हात थांबतो आणि खुर्चीचा पाय कोणत्या दिशेला वळवला आहे हेही दिसू लागते. डिझाइनच्या विद्यार्थ्याने दर दहा मिनिटांनी माणसांची मोजणी करावी, कारण आपल्याला ‘गर्दी’ वाटलेली गोष्ट आकड्यात किती लहान असते हे त्याला तेव्हा कळते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने दुभाष्यासोबत एका माणसाशी एक तास बोलावे आणि त्या तासात एकही उपाय सुचवू नये. माझ्या अनुभवात हे तिसरे काम सर्वांत कठीण जाते. चित्र वाईट येईल, मोजणी चुकेल, मुलाखत अडखळेल, पण तिघांनाही दुसऱ्याचे काम किती अवघड आहे याची जाणीव होते. मग त्या विद्यार्थिनीचा अहवाल न वाचता राहत नाही, कारण त्यातील अर्धी निरीक्षणे आपणच आणलेली असतात.

आता थोडे कडवट लिहिते, कारण ते न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. परदेशातील अल्पकालीन सत्रांमध्ये यजमान शहरातील लोकांचा वापर होतो. त्यांचा वेळ घेतला जातो, छायाचित्रे काढली जातात, आशा दाखवल्या जातात आणि सत्र संपले की विद्यार्थी निघून जातात. स्कँडिनेव्हियातील सहभागी डिझाइनची, म्हणजे वापरणाऱ्यांनाच सोबत घेऊन रचना करण्याची, परंपरा नेमकी याच्या उलट दिशेने वाढली. १९७० च्या दशकात तिथे संशोधकांनी कामगार संघटनांबरोबर काम सुरू केले, आणि १९८१ ते १९८५ या काळातील ‘युटोपिया’ प्रकल्पात छपाईव्यवसायातील कामगार व संगणकतज्ज्ञ यांनी एकत्र बसून, त्या वेळी उपलब्ध नसलेल्या यंत्रांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करून, उद्याचे काम कसे असावे हे आजमावले. पुठ्ठा होता म्हणून कामगारालाही तो बदलता येत होता. हे काम वर्षानुवर्षे चालले, एका सत्रात नाही. म्हणून आपल्या कार्यक्रमाचा विषय दर वर्षी बदलू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. तेच ग्रंथालय तीन-चार वर्षे ठेवावे, आधीच्या तुकडीच्या नोंदी पुढच्या तुकडीच्या हाती द्याव्यात आणि दुभाष्याचे मानधन अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत धरावे.

उत्तर : टिपणवही

मी अशाच एका कार्यक्रमात समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून गेले होते, त्यामुळे अहवाल लिहिणारी ती मुलगी मला फार जवळची वाटली. वर शिक्षकांनी रचनेबद्दल लिहिले आहे. मी आत बसून काय दिसते ते लिहिते.

सर्वांत आधी क्रिटबद्दल, म्हणजे चालू कामावर सर्वांसमोर होणाऱ्या चिकित्सेबद्दल. डिझाइनच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून आपले अर्धवट काम भिंतीवर लावून सर्वांसमोर त्याची चिरफाड ऐकण्याची सवय असते. आमच्या शाखेत काम पूर्ण झाल्याशिवाय कोणाला दाखवत नाहीत आणि शेरा मिळतो तो कागदाच्या समासात, एकट्याला. पहिल्याच आठवड्यात यजमान प्राध्यापकांनी माझ्या तक्त्यासमोर उभे राहून ‘हे अजून सुटलेले नाही’ असे म्हटले, तेव्हा मला वाटले की आपण नापास झालो, आणि त्या रात्री मी घरी परतण्याचा विचार करत होते. माझ्या गटातील डिझाइनच्या विद्यार्थ्यासाठी तेच वाक्य ‘दिशा बरोबर आहे, पुढे करत राहा’ अशा अर्थाचे होते. हे त्याने मला दोन आठवड्यांनी सांगितले. क्रिट म्हणजे काय, ती कशी ऐकायची, कोणत्या शेऱ्याला उत्तर द्यायचे आणि कोणता फक्त टिपून घ्यायचा, हे प्रवासाला निघण्याआधीच इतर शाखांच्या विद्यार्थ्यांना शिकवले पाहिजे. नाहीतर तिसऱ्या आठवड्यापर्यंत आम्ही गप्प होतो, आणि मग अहवाल लिहिणे हेच सुरक्षित काम उरते.

दुसरी अडचण शब्दांची होती. परदेशात सगळे इंग्रजीत बोलत होतो, म्हणून भाषा एकच आहे असा आमचा समज झाला. ‘मॉडेल’ हा शब्द आम्ही दिवसातून वीस वेळा वापरत होतो. डिझाइनवाल्यांसाठी तो पुठ्ठ्याचा किंवा फोमचा नमुना होता, अभियांत्रिकीच्या मुलांसाठी संगणकावरील समीकरणे आणि आकृती होती, आणि माझ्यासाठी ती समाजातील एखाद्या व्यवहाराची सैद्धांतिक मांडणी होती. ‘संशोधन’ या शब्दाचेही तसेच: माझ्या डोळ्यांसमोर कित्येक महिन्यांचे क्षेत्रकार्य यायचे आणि त्यांच्या डोळ्यांसमोर एक दुपार. शेवटी आम्ही स्टुडिओच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला आणि ज्या शब्दावरून गोंधळ झाला तो शब्द, त्याखाली तिघांचे तीन अर्थ, असे लिहीत गेलो. सत्राच्या अखेरीस त्या कागदावर ३१ शब्द होते. आमच्या गटाने केलेल्या सगळ्या कामात मला आजही तो कागद सर्वांत मोलाचा वाटतो, पण त्याला गुण नव्हते.

आणि एक साधी गोष्ट. परक्या देशात संध्याकाळी माणूस ओळखीच्या माणसांकडे जातो. आमच्या राहण्याच्या खोल्या शाखेनुसार दिल्या होत्या, त्यामुळे दिवसभर स्टुडिओत जी सरमिसळ व्हायची ती रात्रीच्या जेवणाला पुन्हा मोडायची. खोल्यांची यादी करताना कृपया हा विचार करावा.

उत्तर : दोन_शिक्के

मी विद्यार्थी-देवाणघेवाणीचे प्रशासकीय काम पाहते, म्हणून श्रेयांकांपुरते लिहिते. यजमान संस्था युरोपातील असेल तर हिशेब ठरलेला आहे: पूर्णवेळ शिक्षणाचे एक वर्ष म्हणजे ६० ईसीटीएस (युरोपातील सामायिक पद्धतीचे) श्रेयांक, एक सत्र म्हणजे ३०, आणि एका श्रेयांकासाठी विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम धरले जाते. म्हणजेच एका सत्रात ७५० ते ९०० तास. १९८७ मध्ये युरोपातील विद्यार्थी-देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना सुरू झाली आणि त्यानंतर दोनच वर्षांत ही श्रेयांकपद्धत प्रायोगिक रूपात आली. युरोपीय देशांच्या उच्चशिक्षणाची रचना जुळवून घेण्याबाबतच्या १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर ती तिथे सर्वत्र रुळली. कागदोपत्री अडचण इथे नाहीच. अडचण अशी की स्टुडिओचे, म्हणजे कार्यशाळेत चालणाऱ्या प्रकल्पाचे, मोठे काम एकाच नावाखाली १० किंवा १५ श्रेयांकांचे असते आणि पाठवणाऱ्या विद्यापीठातील अभियांत्रिकी वा समाजशास्त्र विभागाकडे त्याच्याशी जुळणारा विषयच नसतो. मग ते श्रेयांक ‘वैकल्पिक’ या रकान्यात टाकले जातात आणि विद्यार्थ्याला परतल्यावर मुख्य विषय पुन्हा शिकावा लागतो. डिझाइनच्या विद्यार्थ्याचा मात्र तोच स्टुडिओ मुख्य विषय म्हणून धरला जातो. एकाच गटातील तिघांसाठी एकाच कामाची किंमत अशी वेगळी ठरली, तर ज्याच्यासाठी ते वैकल्पिक आहे तो मागे राहणार यात नवल काय?

म्हणून निघण्यापूर्वी होणारा शिक्षण-करार हा केवळ औपचारिक कागद समजू नये. त्यावर विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि यजमान संस्था अशा तिघांची संमती लागते. त्याच टप्प्यावर तिन्ही विभागप्रमुखांना एकत्र बसवून, हा स्टुडिओ आपापल्या शाखेतील कोणत्या मुख्य विषयाच्या जागी धरला जाईल हे लेखी ठरवून घ्यावे. लंडनमधील रॉयल कॉलेज ऑफ आर्ट आणि इम्पीरियल कॉलेज यांनी डिझाइन व अभियांत्रिकीचा संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम १९८० मध्ये सुरू केला आणि आजही त्याच्या विद्यार्थ्यांना दोन्ही संस्थांच्या पदव्या मिळतात. दोन्हींचा शिक्का असल्यामुळे कोणत्याही एका संस्थेला ते काम दुय्यम ठरवता येत नाही. आपल्याला दोन पदव्या देणे शक्य नसेल, पण त्यामागील तत्त्व एका सत्रालाही लागू करता येते.

मूल्यमापनाबाबत एकच भर घालते. तिन्ही शाखांना चालेल अशी समान गुणपत्रिका तयार करण्याच्या प्रयत्नात बहुतेक वेळा ‘सहकार्य’, ‘सर्जनशीलता’, ‘सादरीकरण’ असे इतके गुळगुळीत रकाने उरतात की त्यात कोणालाही सारखेच गुण मिळतात. त्यापेक्षा प्रत्येक विद्यार्थ्याचे वैयक्तिक काम दुसऱ्या शाखेच्या प्राध्यापकाने तपासावे, आणि आपल्या शाखेच्या प्राध्यापकाने फक्त त्यात ढोबळ चूक नाही ना एवढे पाहावे. टिपणवही यांचा तो शब्दांचा कागद अशा पद्धतीत आपोआप गुणांच्या कक्षेत येतो.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर : कच्चा_आराखडा

सर्वांचे मनापासून आभार. टिपणवही, आपले लिहिणे मी नियोजनाच्या गटात वाचून दाखवले आणि खोल्यांची यादी त्याच बैठकीत बदलली. पहिल्या तीन आठवड्यांत प्रस्तावाला मनाई आणि पहिल्या पाच आठवड्यांतील वस्तू अंतिम कामात न वापरणे, हे दोन्ही नियम आम्ही स्वीकारत आहोत. शाखेबाहेरच्या प्राध्यापकाने तपासण्याच्या सूचनेला आमच्या अभियांत्रिकी विभागाचा विरोध आहे, पण निम्म्या गुणांपुरते ते तयार झाले आहेत. ग्रंथालयाशी तीन वर्षांसाठी बोलणी सुरू केली आहेत.

एक शंका राहते. स्टुडिओत तिन्ही शाखांचे शिक्षक एकाच वेळी उपस्थित असावेत असे ठरवले, तरी प्रत्यक्षात बोलतो तो डिझाइनचा शिक्षक, म्हणजे मीच, आणि बाकीचे दोघे पाहुण्यासारखे बसतात. हे कसे टाळावे? शिवाय अंतिम सादरीकरण यजमान प्राध्यापकांसमोर करावे की ग्रंथालयातील लोकांसमोर?

उत्तर : मापपट्टी

शिक्षकांमधील ही असमानता जुनीच आहे. १९१९ मध्ये जर्मनीतील वायमारला बाउहाउस ही कला-डिझाइनची शिक्षणसंस्था सुरू झाली तेव्हा प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू होते, एक रूपाचा आणि एक कारागिरीचा, पण गुरूंच्या मंडळात कारागीर गुरूंना मताचा बरोबरीचा अधिकार नव्हता, आणि त्यावरून कुरबुरी होत राहिल्या. १९२५ मध्ये संस्था देसाऊ या शहरात गेली तेव्हा तिने बऱ्याच कार्यशाळा आपल्याच माजी विद्यार्थ्यांकडे सोपवल्या. मार्सेल ब्रॉयर आणि योझेफ आल्बर्स त्यांच्यापैकीच होते, आणि पुढे गुंटा श्ट्योल्झल यांनी विणकामाची कार्यशाळा सांभाळली. या पिढीने दोन्ही गुरूंच्या हाताखाली शिक्षण घेतलेले असल्यामुळे त्यांच्यात रूप आणि कारागिरी ही फूट राहिली नव्हती. आपल्याकडे आधीच्या दोन तुकड्या आहेत. त्यांतील तिन्ही शाखांचा एकेक माजी विद्यार्थी साहाय्यक म्हणून सोबत न्यावा. आणि आपण स्वतः दर आठवड्याला एका क्रिटमध्ये फक्त ऐकावे, पहिले बोलण्याचा मान समाजशास्त्राच्या शिक्षकाला द्यावा.

उत्तर : पायवाट

दुसऱ्या शंकेबद्दल: सादरीकरण ग्रंथालयात, त्याच खिडकीपाशी, तिथल्या भाषेत आणि दुभाष्याच्या मदतीने करावे. ते शेवटच्या दिवशी ठेवू नये, सत्र संपण्याच्या तीन आठवडे आधी ठेवावे, आणि प्रतिकृती पुठ्ठ्याची असावी, म्हणजे पुस्तक परत करायला आलेल्या आजोबांना ‘हा कठडा इथे नको’ असे वाटले तर तो तिथल्या तिथे कापता येईल. यजमान प्राध्यापकांनीही त्याच रांगेत उभे राहून ते पाहावे. उरलेल्या तीन आठवड्यांत लोक जे बदलायला सांगतील ते बदलावे आणि अंतिम नोंदवही ग्रंथालयाच्या ताब्यात द्यावी. पुढच्या वर्षीची तुकडी तिथे पोहोचल्यावर ती सर्वप्रथम त्यांच्याकडून मागून घेईल.